चोविसाव्या हिश्शाचं गाव

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात विंचेस्टर नावाचं गाव आहे. तिथे मायकेल पॉल स्मिथ नावाचे गृहस्थ मोकळी जागा बघून एक घडीचं टेबल मांडायचे. टेबलावर डांबरी रस्त्याचा तुकडा, फुटपाथची कड, एखादं दुकान आणि त्या दुकानासमोर १९५०च्या सुमाराची एखादी ऐसपैस अमेरिकन मोटार. सगळं खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाचं, म्हणजे १:२४ या मापाचं. मोटारी डॅनबरी मिंट, फ्रँकलिन मिंट अशा कंपन्यांच्या डायकास्ट, दारं उघडणाऱ्या आणि बॉनेटखाली इंजिन असलेल्या. टेबलामागे मात्र खरी घरं, खरी झाडं आणि खरं आकाश. स्मिथ टेबलाच्या पातळीपर्यंत वाकायचे आणि खिशात मावणाऱ्या साध्या डिजिटल कॅमेऱ्याने फोटो घ्यायचे. तो फोटो एल्गिन पार्क या गावाचा असायचा.

एल्गिन पार्क नकाशावर सापडत नाही. स्मिथ यांचं लहानपण पेनसिल्व्हेनियातल्या सुइकली या गावात गेलं होतं आणि त्या आठवणींतून त्यांनी हे गाव रचलं. स्थापत्याची मॉडेलं बनवण्याचं काम त्यांनी पोटापाण्यासाठी केलेलं असल्यामुळे हात तयार होता. दुकानं, घरं, पेट्रोलपंप त्यांनी स्वतः बनवले, मोटारी तेवढ्या विकतच्या. पुढचं मॉडेल आणि मागचं गाव त्यांनी कॉम्प्युटरवर जोडलेलं नसायचं. दोन्ही एकाच क्लिकमध्ये यायचं. या फोटोंची पुस्तकं निघाली, कोट्यवधी लोकांनी ते फोटो पाहिले आणि २०१८ साली स्मिथ गेले.

त्यांच्या कामाबद्दल लिहिणारे बहुतेक जण मॉडेलांच्या बारकाव्याचं कौतुक करतात. ते योग्यच आहे. पण माझ्या मते त्या फोटोंचा खरा जीव अंतरांमध्ये आहे. बारकाईने घडवलेली मॉडेलं जगात हजारो आहेत आणि त्यांचे बहुतेक फोटो खेळण्याचे फोटो म्हणूनच ओळखू येतात. गाडी चोवीसपट लहान झाली की बघणाराही चोवीसपट लहान व्हावा लागतो. कॅमेऱ्याची उंची, त्याचं गाडीपासूनचं अंतर, भिंगाचं तोंड हे सगळं त्याच हिशोबात आणावं लागतं. ज्यांना हे साधतं त्यांची साधी गाडीसुद्धा रस्त्यावर उभी असल्यासारखी दिसते.

आधी अंतराचा हिशोब बघू. कॅमेरा मॉडेलपासून ६० सेंटीमीटरवर आहे असं धरा. १:२४ च्या जगात हे अंतर १४.४ मीटर होतं. म्हणजे फोटोत ती मोटार साधारण साडेचौदा मीटरवरून पाहिल्यासारखी दिसेल. आता मागे खरं घर आहे आणि ते कॅमेऱ्यापासून ४५ मीटरवर आहे. घर खऱ्या मापाचं आणि खऱ्या अंतरावरचं, त्यामुळे फोटोत ते मोटारीच्या मागे तीसेक मीटरवर उभं असल्यासारखं वाटतं. मोटार आणि घर एकाच रस्त्यावरचे शेजारी होतात. तेच टेबल त्या घराच्या भिंतीपासून पाच मीटरवर मांडलं तर घर मोटारीच्या मानाने अडीचपट मोठं दिसेल आणि सगळा बनाव उघडा पडेल. यातली सोय अशी की कॅमेरा आणि गाडी यांच्यातलं अंतर तेवढंच ठेवून अख्खं टेबल मागे-पुढे सरकवता येतं. टेबल घरापासून लांब नेलं की घर लहान होतं, गाडी आहे तेवढीच राहते. घर किती मोठं हवं हे पावलं टाकून ठरवता येतं.

उंचीचंही तसंच. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १६० सेंटीमीटरवर असतात. १:२४ मध्ये ही उंची जेमतेम पावणेसात सेंटीमीटर होते आणि १:६४ च्या छोट्या गाड्यांसाठी अडीच. आपण मात्र टेबलाशेजारी उभे राहतो आणि वरून फोटो काढतो. मॉडेलच्या एक मीटर वरून घेतलेला फोटो हा त्या जगात चोवीस मीटरवरून, म्हणजे आठव्या मजल्याच्या गच्चीवरून घेतलेला असतो. खेळणं खेळण्यासारखं दिसण्याचं पहिलं कारण हे. मोठ्या कॅमेऱ्याचं भिंग अडीच सेंटीमीटरपर्यंत खाली येत नाही, कारण कॅमेऱ्याच्या बुडापासून भिंगाचा मध्यच चार-पाच सेंटीमीटर वर असतो. म्हणून जाणकार लोक देखावा टेबलाच्या अगदी कडेला मांडतात आणि कॅमेरा कडेच्या बाहेर, टेबलाच्या पातळीखाली उतरवतात. मोबाइलवाल्यांना याहून सोपा उपाय आहे. फोन उलटा धरायचा, म्हणजे वरच्या कोपऱ्यातलं भिंग खाली येऊन टेबलाला जवळजवळ टेकतं.

स्मिथ यांच्या पद्धतीत उंचीला आणखी एक बाजू आहे आणि ती पटकन लक्षात येत नाही. फोटोत क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येतं. मागचं खरं घर जमिनीवर उभं असतं आणि कॅमेरा टेबलाच्या उंचीवर. नेहमीच्या टेबलावर कॅमेरा जमिनीपासून ऐंशी-ब्याऐंशी सेंटीमीटरवर राहतो, म्हणजे मागच्या घराकडे आपण लहान मुलाच्या उंचीवरून बघतो आणि समोरच्या मोटारीकडे मोठ्या माणसाच्या. टेबल उचलून दीड मीटरच्या आसपास नेलं की दोन्ही उंच्या जुळतात, घराचं जोतं आणि टेबलावरचा रस्ता एका पातळीत येतात. टेबलाची मागची कड आणि घर यांच्यामधली खरी जमीन टेबलच झाकून टाकतं. उरलेला सांधा एखादी कुंपणाची भिंत किंवा झुडपांची रांग लपवते.

हे सगळं जमलं तरी एक गोष्ट हमखास घात करते. मागचं दृश्य धूसर होतं. जवळच्या छोट्या वस्तूवर फोकस केला की डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोटोत स्पष्ट दिसणारा पट्टा, फार अरुंद होतो आणि आपला मेंदू त्या धूसरपणावरूनच वस्तू लहान असल्याचं ओळखतो. हे इतकं पक्कं आहे की उलट दिशेनेही चालतं. खऱ्या शहराचा उंचावरून घेतलेला फोटो वर-खाली मुद्दाम धूसर केला तर बसगाड्या आणि माणसं खेळण्यातली वाटू लागतात.

असं का होतं, ते समजायला एक सोपा नियम आहे. खूप दूरचा प्रकाशाचा एक ठिपका फोटोत धूसर होऊन पसरतो. त्या पसरलेल्या चकतीचं माप गाडीच्या मापाशी ताडून पाहिलं तर ती भिंगाच्या उघड्या तोंडाएवढी, म्हणजे अ‍ॅपर्चरच्या व्यासाएवढी येते. ५० मिलिमीटरचं भिंग एफ २.८ वर ठेवलं तर हा व्यास सुमारे १८ मिलिमीटर. खऱ्या मोटारीच्या फोटोत मागच्या पानावरची चमक अशी १८ मिलिमीटरची चकती होईल आणि साठ-पासष्ट सेंटीमीटरच्या चाकाच्या मानाने ती कुणाच्या नजरेतही येणार नाही. मॉडेलचं चाक मात्र २७ मिलिमीटरचं. त्याच्या शेजारी १८ मिलिमीटरच्या चकत्या म्हणजे मागे नुसता रंगांचा चिखल. अ‍ॅपर्चर एफ १६ पर्यंत बंद केलं की व्यास तीन मिलिमीटरवर येतो आणि चित्र सावरतं. त्यापुढे बंद करत गेलं तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळाच फोटो मऊ पडायला लागतो.

म्हणूनच या छंदात महागडा मोठा कॅमेरा उलट अडचणीचा ठरू शकतो. खिशातल्या कॅमेऱ्याचा सेन्सर नखाएवढा, त्याचं भिंग खऱ्या अर्थाने पाच-सहा मिलिमीटर नाभीय अंतराचं आणि त्याचं तोंड आधीच दोनेक मिलिमीटरचं. स्मिथ यांच्या हातातल्या साध्या कॅमेऱ्याने हा अर्धा प्रश्न परस्पर सोडवला होता. मोबाइलमध्येही भिंग असंच बारीक असतं. फक्त त्यातला पोर्ट्रेट मोड बंद ठेवायचा, कारण तो मागचं दृश्य मुद्दाम धूसर करतो आणि आपल्याला नेमकं ते नको आहे. मोठाच कॅमेरा वापरायचा असेल तर फोकस स्टॅकिंग करतात: कॅमेरा तिवईवर पक्का ठेवायचा, फोकस पुढच्या बंपरपासून मागच्या झाडापर्यंत थोडा थोडा सरकवत बरेच फोटो घ्यायचे आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग सॉफ्टवेअरने एकत्र आणायचा. वाऱ्याने पानं हलत असतील तर हा प्रकार फसतो. घरात मात्र उत्तम चालतो.

प्रकाशाच्या बाबतीत एक सुखद गोष्ट आहे. सूर्याला मापात बसवावं लागत नाही. आकाशात सूर्य साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो आणि सावलीची कड किती मऊ पडणार हे त्या अर्ध्या अंशावर आणि वस्तू जमिनीपासून किती उंच आहे यावर ठरतं. खऱ्या मोटारीच्या टपाच्या सावलीला एक-दीड सेंटीमीटरची मऊ कड येत असेल तर चोवीसपट लहान टपाला अर्ध्या मिलिमीटरची येते. प्रमाण तंतोतंत जुळतं. शिवाय टेबलावरच्या मोटारीवर आणि मागच्या घरावर एकच ऊन पडलेलं असतं, सावल्या एकाच दिशेला जातात, रंगही एकाच वेळेचा असतो. कॉम्प्युटरवर दोन फोटो जोडणाऱ्याला ज्यासाठी तासन्‌तास घालवावे लागतात, ते ऊन फुकट देऊन जातं.

टेबललॅम्पचं तसं नाही. दिवा बॉनेटपासून ५० सेंटीमीटरवर ठेवला तर वीस सेंटीमीटर लांबीच्या गाडीची डिकी त्याच्यापासून ७० सेंटीमीटरवर पडते आणि तिथे प्रकाश जवळजवळ निम्मा होतो. खऱ्या जगात दिवसा कुठल्याच गाडीचं नाक तिच्या शेपटीच्या दुप्पट उजळलेलं नसतं. घरात फोटो घ्यायचा असेल तर एकच दिवा घ्यावा आणि तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला न्यावा. आकाशाचा उजेड हवा असेल तर वर पांढरा कागद किंवा ट्रेसिंग पेपर ताणून त्यावर दुसरा प्रकाश टाकावा. चकचकीत रंगाची गाडी तर आरसाच असते. ६० सेंटीमीटरवरचा बारा सेंटीमीटर रुंद कॅमेरा त्या जगात साडेचौदा मीटरवर उभा असलेला सुमारे तीन मीटरचा काळा खोका आहे आणि तो गाडीच्या दारात हमखास दिसतो. फोटो काढणाऱ्याचा शर्टसुद्धा दिसतो. कॅमेऱ्यावर काळं कापड टाकणं, गाडी दोन-तीन अंशांनी वळवणं, हे उपाय आधीच करून बघावेत.

आता जमिनीजवळ जाऊ. टायर रस्त्याला टेकतो ती जागा बघा. खऱ्या मोटारीचं वजन हजारभर किलो असतं, त्या वजनाने टायर खाली थोडा चपटा होतो, बाजूंनी फुगतो आणि त्याच्याखाली गडद, बारीक सावली दबलेली असते. मॉडेलचा टायर गोलच्या गोल, त्यामुळे एका रेषेवर टेकतो आणि गाडी रस्त्यावर तरंगत असल्यासारखी दिसते. कितीही महागडं मॉडेल घ्या, इथे चुकतं. चाकाच्या दोन्ही बाजूंना चिमूटभर बारीक माती ब्रशने सारली की ती फट बुजते आणि गाडीला एकदम वजन येतं. टायरच्या खालच्या भागाला कानशीने किंचित सपाट करणारेही आहेत, पण महागाच्या मॉडेलवर कानस चालवण्याला छाती लागते. माती मलमलच्या कापडातून गाळून घ्यावी लागते. अंगणातल्या मातीतला एक मिलिमीटरचा कण फोटोत अडीच सेंटीमीटरचा दगड होतो. रस्त्याला काळा पॉलिशपेपर चालतो. रांगोळीची पूड कडेच्या खडीसारखी दिसते आणि गेरू कोकणातल्या लाल मातीची बाजू सांभाळतो.

पाणी कुणाचं ऐकत नाही. थेंबाचा आकार पृष्ठताणामुळे ठरतो आणि तो कुठल्याही मापाच्या गाडीवर सारखाच राहतो. मॉडेलच्या टपावरचा दोन मिलिमीटरचा थेंब फोटोत पाच सेंटीमीटरचा फुगा होतो. धुराचं आणि आगीचंही असंच. पावसाळी रस्ता दाखवायचा असेल तर थेंबांच्या नादी लागू नये. काळ्या अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्यावर रस्त्याचा पोत तयार करून दिव्यांची प्रतिबिंबं पाडली की पाऊस आपोआप समजतो. डबक्याच्या पाण्यात साबणाचा थेंब टाकला की कडेचा फुगवटा बसतो.

गाडी कुठल्या मापाची घ्यावी हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही, कारण खेळण्यातल्या गाड्यांची मापं छायाचित्रकारांच्या सोयीने ठरलेली नाहीत. डायकास्ट म्हणजे जस्ताचा मिश्रधातू वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरायचा. ही पद्धत मोठ्या प्रमाणावर लोकप्रिय केली ती लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या डिंकी टॉइजने, १९३०च्या दशकात. त्या गाड्या आधी हॉर्नबीच्या खेळण्यातल्या रेल्वेला शोभा म्हणून आल्या, म्हणून १:४३ हे चमत्कारिक माप रूढ झालं. पुढे १९५३ साली लेस्नी कंपनीची मॅचबॉक्स मालिका आली. कंपनीचे भागीदार जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायला परवानगी होती, त्यातून ही कल्पना निघाली. पण त्यामुळे माप खोक्याने ठरवलं. लंडनची दुमजली बस आणि छोटी मोटार जवळपास एकाच लांबीच्या झाल्या. मॅटेलच्या १९६८ पासूनच्या हॉट व्हील्स गाड्या १:६४ च्या म्हणून ओळखल्या जातात, तिथेही प्रत्येक गाडीचं खरं माप थोडं इकडेतिकडे असतं. हातात खेळताना याने काही बिघडत नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर बुरुजापेक्षा उंच मावळा उभा असतो आणि किल्ल्याची शान तसूभरही कमी होत नाही. फोटोत मात्र दोन गाड्या शेजारी आल्या की डोळा त्यांची चाकं आणि दारं ताडून पाहतो. एका चौकटीत एकाच मापाच्या गाड्या ठेवाव्यात, नाहीतर मोठ्या मापाची गाडी पुढे आणि लहान मापाची मागे ठेवून त्या फरकाचा खोलपणा दाखवायला उपयोग करावा.

याच कलेची दुसरी टोकाची वाट मेक्सिकोतल्या कॅनकूनच्या फेलिक्स हर्नांडेझ यांची. ऑडी आर-८ या कोट्यवधी रुपयांच्या गाडीच्या कामासाठी त्यांनी चाळीसेक डॉलरचं मॉडेल वापरलं आणि स्टुडिओत बर्फ, धूळ, वाळवंट उभं केलं. ते वेगवेगळे घेतलेले फोटो कॉम्प्युटरवर जोडतात आणि तसं उघड सांगतात. त्यांच्या कामात नाट्य जास्त आहे. मला स्वतःला स्मिथ यांची वाट अधिक प्यारी आहे, कारण त्यात खरं ऊन आणि खरं झाड एका लहानशा मोटारीसाठी थांबल्यासारखं वाटतं. दोघांमध्ये एक गोष्ट समान: दोघांनीही पडद्यामागचे फोटो लोकांना दाखवले. टेबल, आधार, मागची पार्क केलेली आजच्या काळातली गाडी, सगळं. बनाव कळल्यावर बघणाऱ्याची गोडी वाढते, हे त्यांच्या कामावरून पुरेसं सिद्ध झालं आहे.

एल्गिन पार्कमध्ये माणसं दिसत नाहीत. मॉडेलची माणसं ताठ, गोठलेली आणि लगेच पकडली जाणारी असतात, हे एक कारण पटण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या छोट्या गावाचा रिकामा रस्ता खराही वाटतो. आपल्याकडचा रस्ता रिकामा दाखवायचा म्हणजे वेळ आणि जागा दोन्ही विचारपूर्वक निवडावी लागेल. समजा, मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी घ्यायची आहे. ती मूळची फियाट ११०० आणि त्या गाडीची मॉडेलं १:४३ मध्ये मिळतात. काळा-पिवळा रंग आपण द्यायचा. लांबी सुमारे नऊ सेंटीमीटर. कॅमेरा ४० सेंटीमीटरवर ठेवला तर ते १७ मीटर होतात. पुण्यातल्या पेठेतली गल्ली यासाठी निरुपयोगी, समोरचा वाडा पाच मीटरवर येऊन राक्षसी दिसेल. याला लांबचं दृश्य हवं. मरीन ड्राइव्हच्या नरिमन पॉइंटकडच्या टोकाला संध्याकाळी गेलं तर उपसागराच्या पलीकडे मलबार हिल असते आणि पश्चिमेचं ऊन मरीन ड्राइव्हवरच्या इमारतींच्या दर्शनी बाजूवर आणि आपल्या गाडीवर एकदमच पडतं. एवढ्या लांबच्या दृश्याला अंतराचा हिशोबच करावा लागत नाही.

तिथे कठड्यावर रस्त्याचा तयार तुकडा ठेवायचा तर फळी जड हवी, वाऱ्याचा भरवसा नसतो. पाणसळ लावून फळी आधी समपातळीत आणावी, कारण समुद्राची रेघ आणि रस्ता यांच्यात एका अंशाचाही फरक लपत नाही. कॅमेरा रस्त्यापासून पावणेचार सेंटीमीटरवर आणला की पद्मिनीच्या टपाच्या किंचित वरून पाण्याची रेघ जाते. ती रेघ खिडकीच्या काचेतून जाताना दिसली तर कॅमेरा फार खाली गेला आहे असं समजावं आणि एखाद-दुसऱ्या मिलिमीटरने वर घ्यावा.